घाट उतरताना गार पडणारा हीटर

डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी आठच्या सुमाराला भिलारहून एक हिरवी फौजी जोंगा जीप साताऱ्यात आमच्या गोडोलीतल्या गॅरेजसमोर येऊन थांबली. चालवणारे तात्या सत्तरी ओलांडलेले, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेजारी काकू, अंगावर दोन शाली आणि वर घोंगडं. बोटं आणि गुडघे आखडल्यामुळे त्यांना खाली उतरायलाच पाच मिनिटं लागली. तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडी ठणठणीत हाय. हिच्यात बसणाऱ्याला ऊब पायजे, तेवढंच काम."

काकूंना संधिवात आहे. दर मंगळवारी आठच्या आत त्यांना उपचारासाठी साताऱ्यात पोचावं लागतं, म्हणजे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला घर सोडायचं. भिलार ते पाचगणी, मग पसरणी घाट उतरून वाई आणि पुढे महामार्गाने सातारा. त्या दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, आणि भिलार काही त्यापासून लांब नाही. मुलगा बंद काचांची नवी मोटार देऊ करतो, पण बुटक्या सीटवरून काकूंना उठता येत नाही. जोंगाला लाकडी पायरी लावली की त्या सरळ चढतात आणि सरळ बसतात. गाडी बदला, असा सोपा सल्ला देण्यासारखं हे प्रकरण नव्हतं.

ज्यांनी जोंगा जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निसानच्या पॅट्रोल (Patrol) नावाच्या जीपवजा गाडीचा परवाना घेऊन जबलपूरच्या वाहन निर्माणीत 1969 पासून ही गाडी भारतीय सैन्यासाठी बनू लागली आणि 1999 पर्यंत बनत राहिली. आत सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. तात्यांची गाडी 1974 च्या बनावटीची, लिलावातून सुटलेली, वर कॅनव्हासचं छत, बाजूला कॅनव्हासचेच पडदे. हीटर नाही. सैन्यात असताना होता का, याचा माग गाडीवर कुठेच सापडला नाही.

तात्यांची एकच अट होती: "पत्र्याला भोक पाडायचं न्हाय." ते अपशिंग्याचे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. तिथल्या माणसाने फौजेच्या गाडीबद्दल अशी अट घातली तर कारण विचारायची गरज पडत नाही. शिवाय 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली आहे. तिच्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. तशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळे तात्यांना ती आज नको आहे. पण पुढे मुलाने घ्यायची म्हटली तर आमच्या ड्रिलमुळे अडू नये, एवढं आम्ही मनाशी धरलं. जे लावू ते उद्या पान्याने काढता आलं पाहिजे.

आधीचा इलाज

बॉनेट उघडल्यावर दिसलं ते पाहून मी गाडी तशी परत जाऊ दिली नाही. आदल्या महिन्यात कुणीतरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांभोवती, पत्र्याचं कवच बसवून दिलं होतं. कवचातली गरम हवा नालीदार पाइपने बल्कहेडमधल्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातल्या, एका जुन्या भोकातून काकूंच्या पायाशी सोडली होती. कल्पना जुनी आहे आणि ऊब खरंच लवकर येते. पण मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळे ओघळ होते. मी काकूंना विचारलं, "डोकं दुखतं का हो साताऱ्याला पोचेपर्यंत?" त्या म्हणाल्या, "रोज न्हाय, पण या महिन्यात लई. उलटीवानी हुतं. मला वाटलं घाटाची वळणं."

ती वळणं नव्हती. पीयूसीच्या नियमात जुन्या पेट्रोल चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे दहा लाख भागांत तीस हजार. माणूस श्वास घेतो त्या हवेत याचे दोनशे भाग झाले तरी दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं, आणि या वायूला ना रंग ना वास. गळक्या गॅस्केटवर कवच बसवून तिथली हवा पडदे बांधलेल्या गाडीत घेणं म्हणजे धूरच आत घेणं. मी कवच काढलं, गॅस्केट नवी टाकली आणि तात्यांना तो काळा पत्रा हातात धरून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकूंकडे बघून म्हणाले, "सांगितलं न्हाईस कधी." या प्रकरणातलं दुसरं काही कुणाच्या लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एक्झॉस्टवरून घेतलेली ऊब लावू नका. घरात वापरतात तसला बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता त्या गाडीत डॅशच्या कडेला बांधलेला आहे.

मग लावायचं काय

विजेचा हीटर आधी बाद झाला. बाजारात सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे 150 वॅटचे हीटर मिळतात. ते 12 व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतात आणि हात शेकण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. कॅनव्हासच्या गाडीत काही जाणवायचं असेल तर किमान दीड किलोवॅट लागतात, म्हणजे सव्वाशे अँपिअर. तात्यांच्या गाडीला नंतर बसवलेला अल्टरनेटर 35 अँपिअरचा.

डिझेल जाळून हवा तापवणारा वेगळा हीटर हा दुसरा पर्याय. इंजिन बंद असतानाही तो चालतो, आणि पुढे जी अडचण आली तिला हेच सर्वांत सरळ उत्तर ठरलं असतं, हे मी मान्य करतो. पण त्याला स्वतंत्र टाकी लागते, धुराच्या आणि हवेच्या नळ्यांसाठी तळाच्या पत्र्यात भोकं लागतात आणि त्याचा धूर गाडीखालीच सुटतो. गाडीचं छत कापडी, काकूंना महिनाभर धूर लागलेला. मला ते जोखमीचं वाटलं.

राहिला पाण्याचा हीटर. इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या रॅडिएटरमधून फिरवायचं आणि मागून पंख्याने हवा सोडायची. ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्रांच्या केबिनमध्ये डॅशखाली टांगतात तसलं तयार युनिट आम्ही घेतलं: तांब्याचा कोअर म्हणजे तो छोटा रॅडिएटर, दोन वेगांचा पंखा, समोर तीन गोल झडपा आणि वर काचेकडे हवा नेण्यासाठी दोन तोंडं. हवा तासाला दीडशे घनमीटर आणि ती तीस अंशांनी तापवली, तर हिशेबाने सुमारे 1.4 किलोवॅट उष्णता मिळते. ही उष्णता फुकटची आहे, एरवी रॅडिएटरमधून वाऱ्यावरच जाते.

इंजिनच गार होतं

लावण्याआधी इंजिन किती तापतं ते पाहू, म्हणून गाडी वीस मिनिटं फिरवून आणली आणि वरच्या पाण्याच्या नळीवर तापमापक धरला. 52 अंश. इतक्या गार पाण्यावर जगातला कुठलाही हीटर ऊब देणार नाही. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला रॅडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, नव्हती.

आपल्याकडे हे सर्रास होतं आणि त्यामागे एक साखळी असते. रॅडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं जातं. क्षारांनी नळ्या बुजतात. उन्हाळ्यात गाडी तापते. गॅरेजवाला थर्मोस्टॅट काढून फेकतो, पाणी सतत रॅडिएटरमधून धावू लागतं आणि गाडी तापायची थांबते. आजार तसाच राहतो, तापमानाचा काटा मात्र खाली येतो. पुढची वीस वर्षं इंजिन गार चालतं, चोक जास्त लागतो, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठतो. गाडीचा काटा मधल्या खुणेच्या खाली राहतो याचं लोकांना कौतुक वाटतं. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण सहा सिलिंडरचं इतकं दणकट इंजिन असं हळूहळू झिजतं.

नुसता नवा थर्मोस्टॅट घातला असता तर एप्रिलमध्ये गाडी उकळली असती. म्हणून आधी रॅडिएटर उतरवून रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करायला, दिला. वरची टाकी काढल्यावर निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या क्षाराने बंद होत्या. इंजिनाचं पाण्याचं जॅकेट उलट्या बाजूने पाणी सोडून धुतलं. तीन बादल्या तांबडा गाळ निघाला. मग 82 अंशांचा थर्मोस्टॅट, नवं झाकणाचं रबर, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं हिरवं कूलंट. भिलारची थंडी इंजिन फोडण्याइतकी नसते. कूलंट घातलं ते गंज आणि क्षार टाळण्यासाठी. एक जपायचं: ते गोडसर आणि विषारी असतं, गॅरेजमधल्या कुत्र्या-मांजरांनी सांडलेलं चाटू नये.

या प्रकरणात खर्चाचं मोठं कलम हीटर नव्हता, रॅडिएटर होता. तात्यांना ते आधी पटेना. "मी हीटर मागतोय आन् तुम्ही रॅडिएटर खोलताय." मी त्यांना तो गाळ दाखवला.

बसवणी

थर्मोस्टॅटच्या अलीकडे, सिलिंडर हेडला, डट्टा मारून बंद केलेलं एक तोंड सापडलं. गरम पाणी तिथून घ्यायचं आणि परतीचं पाणी पंपाच्या ओढीच्या बाजूला सोडायचं. जागा महत्त्वाची आहे. थर्मोस्टॅटच्या पलीकडून पाणी घेतलं तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हीटरला काही मिळतच नाही. डट्टा पन्नास वर्षांचा, गंजून एकजीव झालेला. तो जोर लावून काढला असता तर हेडच्या बिडाला तडा गेला असता. तीन दिवस तेल सोडत राहिलो, रोज थोडं शेकलं, चौथ्या दिवशी तो हलला. आटे टेपरचे होते. लेथवाल्याकडून त्या मापाचे दोन पितळी निपल करून घेतले.

बल्कहेडमधलं जे भोक आधीच्या माणसाने वापरलं होतं, ते मुळात कारखान्याचंच होतं, वर पत्र्याची टिकली असलेलं. दोन्ही रबरी नळ्या त्यातून नेल्या. पत्र्याची धार नळीला कापू नये म्हणून जाड ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, लावलं. नळी 16 मिलिमीटरची, आत धाग्याचा थर असलेली, मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब आणि मध्ये दोन ठिकाणी पट्टीने बांधलेली. येणाऱ्या नळीवर पितळी कॉक बसवला, तात्यांना बसल्या जागी हात पुरेल असा. साताऱ्याच्या मे महिन्यात पायाशी गरम पाण्याचा कोअर नको असतो.

युनिट टांगायला डॅशखालचे मूळचे चार बोल्ट उपयोगी पडले. फक्त ते थोडे लांब घेतले आणि जुने काढलेले बोल्ट पिशवीत घालून तात्यांना दिले. पंख्याला बॅटरीवरून वेगळी वायर, 15 अँपिअरचा फ्यूज आणि रिले. जुन्या स्विचमधून थेट करंट नेला नाही, कारण त्या गाडीच्या वायरिंगचं कापडी आवरण हात लावला की सुटतं.

काचेसाठी पत्रेकाम करणाऱ्याकडून दोन चपटी, माशाच्या शेपटीसारखी तोंडं करून घेतली. ती काचेच्या खालच्या चौकटीत नुसती अडकवली आहेत. काचेचा प्रश्न उबेइतकाच मोठा होता. दोन माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकट होते आणि तात्या एका हाताने फडकं मारत घाट उतरत होते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. आतलीच हवा पुन्हापुन्हा तापवली तर ऊब लवकर येते, पण श्वासातला ओलावा आतच फिरतो. बाहेरची हवा घ्यायला हवी. सहा अंशांची हवा दवाने पूर्ण भिजलेली असली तरी तिच्या एका घनमीटरात पाणी साधारण सव्वासात ग्रॅमच मावतं. तीच हवा तीस अंशांपर्यंत तापवली की तीस ग्रॅम मावेल एवढी जागा होते. म्हणजे ती कोरडी ठणठणीत होऊन काचेवर येते आणि काच पुसून नेते. म्हणून पंख्याच्या मागे एक झडप केली: थोडी हवा आतली, थोडी बाहेरची.

पाणी भरल्यावर कोअरमध्ये हवा अडकली. डॅशमागून खळखळ आवाज येत राहिला आणि एक नळी गरम, दुसरी गार. गाडीचं नाक चढाला करून उभी केली, रॅडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं आणि परतीची नळी दाबत-सोडत राहिलो. दहा मिनिटांनी बुडबुडे थांबले.

चाचणी उत्तम, मंगळवार वाईट

मी गाडी यवतेश्वरच्या घाटाने कासच्या बाजूला नेली. संध्याकाळची वेळ, वारा गार. अर्ध्या घाटात झडपेतून 48 अंशांची हवा येत होती. मी समाधानाने गाडी दिली.

मंगळवारी साडेआठला तात्यांचा फोन. "मिस्त्री, वाईपर्यंत गारच. उलट पंख्यानं गार वारा जास्त लागला."

मी गाडी चढावर तपासली होती. चढताना इंजिन राबतं, पेट्रोल भरपूर जळतं, पाणी झपाट्याने तापतं. तात्यांचा प्रवास नेमका उलटा. पाचगणी ते वाई बारा-तेरा किलोमीटरचा घाट पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतो. गाडी गिअरवर रोखून धरलेली, पाय अॅक्सिलरेटरवरून उचललेला, जळतं ते जेमतेम आयडलपुरतं पेट्रोल. पट्ट्यावरचा पंखा मात्र इंजिनाच्या गतीने फिरतोच आणि गार हवा थेट ब्लॉकवर मारतो. थर्मोस्टॅट बंद राहून पाणी रॅडिएटरकडे जाऊ देत नाही हे खरं, पण मी डॅशखाली लावलेला कोअरही एक रॅडिएटरच आहे, आणि त्याच्यापुढे थर्मोस्टॅट नाही. तात्यांनी घरातून निघतानाच कॉक उघडून पंखा पूर्ण वेगाने सोडला होता. इंजिनात जी थोडी उष्णता होती ती पहिल्या दहा मिनिटांत आम्हीच ओढून घेतली.

पुढच्या मंगळवारी मी आदल्या रात्री भिलारला मुक्कामाला गेलो. ते गरजेचंच होतं. ज्या रस्त्यावर, ज्या वेळी गाडी चालते तिथेच ती तपासायला हवी होती आणि ते मी आधी केलं नव्हतं, त्याची थंडी काकूंना सोसावी लागली. काकूंनी रात्री गरम भाकरी आणि पिठलं वाढलं, त्या थंडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

पहाटे बाहेर आठ अंश होते. आम्ही ग्रिलवर, म्हणजे रॅडिएटरसमोरच्या जाळीवर, कॅनव्हासचा पडदा बांधला. ही युक्ती तात्यांनीच सुचवली. थंड मुलखात ट्रकच्या जाळीवर असाच पडदा बांधायचे, ते त्यांनी नोकरीत पाहिलेलं. कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केलं. भिलारहून पाचगणीपर्यंतचा रस्ता घाटासारखा एकसारखा उताराचा नाही, तेवढ्यात इंजिनाला काम मिळतं. पाचगणीत शिरताना काटा मधल्या खुणेवर आला, तेव्हा कॉक उघडला आणि पंखा पहिल्या वेगावर. घाटात सगळी हवा काचेकडे आणि पायाकडे थोडी. झडपेतली हवा उताराच्या सुरुवातीला 44 अंश, खाली वाईला पोचताना 33. बोटं शेकता येतील असं नाही, पण काच स्वच्छ होती आणि काकूंनी घोंगडं काढून मांडीवर ठेवलं होतं.

वाईत थांबून ग्रिलवरचा कॅनव्हास गुंडाळून वर बांधला. तो विसरला तर महामार्गावर इंजिन तापेल, म्हणून तो बांधला की त्याचीच लाल फीत स्टीअरिंगला अडकवायची, असं ठरवलं. परतीच्या चढाला हीटर इतका चालतो की काकू कॉक अर्धा बंद करायला सांगतात.

मध्ये एकाने तात्यांना सुचवलं होतं की घाटात वरचा गिअर टाका, म्हणजे पंखा हळू फिरेल आणि इंजिन गार पडणार नाही. हे करायचं नाही. या वजनाची जुनी गाडी, ड्रम ब्रेक आणि पसरणीची वळणं. ज्या गिअरवर गाडी रुकते त्याच गिअरवर उतरायचं, ऊब थोडी कमी मिळाली तरी चालेल.

एप्रिलमध्ये भर दुपारी साताऱ्याहून चढताना काटा कुठवर जातो ते मुद्दाम पाहिलं. मधल्या खुणेच्या किंचित वर, तिथेच स्थिर. रॅडिएटर साफ होता म्हणूनच हे झालं. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे पेट्रोलही कमी लागू लागलं. मी ते मोजलेलं नाही. जुलैमध्ये, पाचगणी ढगात बुडालेली असताना, काचेकडची तोंडं थंडीतल्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. काकूंचं डोकं डिसेंबरनंतर दुखलेलं नाही.

एक काम अजून बाकी आहे. गिअर आणि ट्रान्सफर केसच्या (चारही चाकांना जोर देणाऱ्या पेटीच्या) लिव्हरभोवतीची रबरं फाटलेली होती, त्यातून थेट पायावर वारा यायचा. गिअरचं रबर मिळालं. ट्रान्सफर केसचं दोनदा मागवलं, दोन्ही वेळा माप चुकलं. तोवर तिथे कॅनव्हासची दुहेरी पिशवी शिवून लिव्हरला सुतळीने बांधली आहे. ती काकूंनी शिवली आहे.